आधी पाय कोणी उचलायचा

ठाणे, ता. १२ जानेवारी १८८९

प्रिय गणू,

तुझे पत्र पोचले. उत्तराआधी तुला एक कोडे घालतो. ते तू शंभर वेळा पाहिले असशील, फक्त कोडे म्हणून पाहिले नसशील. मिठागराच्या अरुंद बांधावरून तू चालला आहेस. समोरून दुसरा माणूस येतो. त्याला वाट द्यावी म्हणून तू एका अंगाला सरतोस, तर तोही नेमका त्याच अंगाला सरतो. तू दुसरीकडे, तर तोही दुसरीकडे. दोघेही भले, दोघांनाही वाट द्यायची आहे, आणि दोघेही अडून उभे! परवा टेंभी नाक्याजवळच्या बोळात तेलाचे बुधले घेऊन निघालेल्या एका गृहस्थाचे आणि माझे असे चार वेळा झाले. शेवटी तो म्हणाला, "मास्तर, तुमचं काय ते एकदा ठरवा, म्हणजे मी सुटलो." असे का व्हावे?

उत्तर सोपे आहे. दोघेही एकाच क्षणी हलतात. एकाने नुसते उभे राहायचे ठरवले, तर दुसरा वळसा घालून जातो. आट्यापाट्यांच्या डावात तुम्हाला अडवणाऱ्या कल्याणकरांची सारी विद्या या एका गोष्टीने सुटते, असे मी तुला दाखवून देणार आहे.

प्रश्न नीट मांडला म्हणजे अर्धा सुटतो, म्हणून वर्गात मांडतो तसा पहिल्यापासून मांडतो. तू हसशील, पण वाच. शिमग्याला कल्याणच्या गड्यांशी आट्यापाट्यांचा डाव आहे, आणि गेली दोन वर्षे तुमच्या एकाही गड्याने तिसरी पाटी ओलांडलेली नाही. मैदानावर आडव्या नऊ पाट्या. प्रत्येक पाटीवर एक पाटीवाला. त्याने आपल्या पाटीवरच डावीउजवीकडे धावायचे, ती सोडायची नाही. पहिल्या पाटीवाल्याला मात्र मैदानाच्या मधोमध गेलेल्या उभ्या रेघेवरूनही धावता येते; तो सूर. चढणाऱ्या गड्याने हाताचा फटका न खाता नऊही पाट्या ओलांडायच्या आणि तसेच परत यायचे. परतला की त्याने लोण आणले. लोण म्हणजे मीठ. हा खेळ आपल्या आगरांच्या बांधांवरच जन्मला असावा, असे मला फार वाटते. पण ते पुन्हा कधी.

पूर्वी पाटीवाले आपापल्या जागी गडी येण्याची वाट पाहत. कल्याणकरांनी नवे काय केले? डाव सुटताच त्यांचा सूर गुणाजी मधल्या रेघेवरून अंगावर येतो, पुढचे पाटीवाले त्याच क्षणी हात पसरून दाबतात, आणि मागचेही पेंगत नाहीत. मैदानभर एकदम दाब. समोर पाटीवाला, बाजूला सूर, मध्ये अडकलेला गडी: ही झाली कोंडी. कोंडीतला गडी घाबरतो, घाबरला की धावतो, धावला की फटका खातो. लक्षात घे, गणू, त्याला गुणाजी मारत नाही. त्याची घाई त्याला मारते.

म्हणून सूत्र असे की, पहिला पाय आपण हलवू नये. पाटीवाला तुला डोळ्यांनी फसवील, हातांनी फसवील. कमरेने फसवू शकणार नाही. तू त्याच्या कमरेकडे पाहत उभा राहा. तो तुझ्यावर झेपावण्यासाठी अंगाचा भार एका पायावर टाकील. भार पडलेला पाय त्या क्षणापुरता जमिनीत रोवला जातो. भार डावीकडे पडला की तू उजवीकडून नीघ. त्याला परत फिरायला एक श्वास लागतो, आणि तुला पाटी ओलांडायला तेवढाच पुरतो.

आणि घोळक्याने चढू नका! सूर एकच आहे हे विसरू नका. एक गडी मागेच रेंगाळून त्याला खिळवून ठेवू दे, एक डाव्या कडेने, एक उजव्या कडेने. गुणाजी ज्याच्याकडे वळेल त्याने थांबायचे, इतरांनी चढायचे. ओल्या मातीत रेघा ओढून आठ दिवस नुसते थांबण्याचा सराव करा. पळण्याचा सराव सगळेच करतात.

तीर्थरूप वडिलांविषयी तू एकच ओळ लिहिलीस. वीस वर्षे गावाचा सूर राहिलेला माणूस घरात असताना तू मला विचारतोस याचे मला नवल वाटले, आणि खरे सांगतो, बरेही वाटले. सहा वर्षांपूर्वी मिठाचा हंगाम तोंडावर असताना मी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात निघालो, तेव्हा ते म्हणाले होते, "आता मी बोलवीन तवाच या घराची पायरी चढायची." मी त्यांचा शब्द पाळतो आहे. खाडीने एका भरतीची वाट आहे. त्यांनी बोलवावे, मी पायातल्या वहाणांनिशी निघेन.

तुझा ज्येष्ठ बंधू,
काळुराम धोंडीबा


डोंबिवली, खाडीकाठ, ता. २७ जानेवारी १८८९

दादा,

तुझ्या पायांना हात लावून लिहितो. अक्षर वाईट आहे, रागावू नको.

तुझे पत्र आधी बांधावर सगळ्या गड्यांना वाचून दाखवले. कोणाला पटेना. रघु म्हणाला, "उभं राहून जिंकायचं तर बगळ्यांनाच खेळायला घ्या की." तरी आठ दिवस उभे राहिलो. तुझी भावजय मालन भाकऱ्या घेऊन आली तर म्हणते, "हे खेळताहेत की कुणी शिकशा केली?" पण नवव्या दिवशी रघुला ते दिसले. भार पडलेला पाय. तो घरी पोर जन्मल्यासारखा ओरडला. आता सगळे एकमेकांच्या कमरेकडेच बघत असतात, गावात हसू झाले आहे.

मग घरी बाला वाचून दाखवले. बा हल्ली मिठावर येत नाही. खाटेवरूनच ऐकतो. तू लिहिलेस, पहिला पाय आपण हलवू नये, तिथे मला थांबवले आणि "पुन्ना वाच" म्हणाला. पुन्हा वाचले. मग वडिलांविषयीचे वाचले. मग बाने कूस बदलली.

मालन रोज कुळथाचे कढण देते. अर्धे वाटीत तसेच राहते.

दादा, बाने आपल्या गळ्याची शपथ घातली आहे, म्हणून सगळे लिहीत नाही. तू शिकलेला आहेस, समजून घे.

काल बाने तुला एक प्रश्न विचारायला सांगितला. जसा बोलला तसाच लिहितो. "त्याला इचार, सूर दमला, त्याला दम पुरंना, पाटीवर नुसता उभा हाय. तवा समोरच्या गड्यानं काय करावं? पुढं यावं का थांबावं?" उत्तर लवकर धाड. तो रोज विचारतो टपाल आले का.

तुझा
गणू


ठाणे, ता. ३ फेब्रुवारी १८८९

प्रिय गणू,

रघुला भार दिसला हे वाचून मी वर्गात एकटाच हसलो. मुलांना वाटले मास्तरांना काय झाले! अक्षर सुधारते आहे; फक्त 'शिक्षा' नीट लिहीत जा, तू 'शिकशा' लिहिले आहेस.

शपथेचे मी समजलो. डावाचे बेत गुप्त राहावेत म्हणून वडिलांनी ती घातली, हे योग्यच केले. कल्याणहून तुमच्याकडे टपाल आणणारा गडी गुणाजीचा सोयरा आहे, असे तू मागे एकदा लिहिले होतेस. तेव्हा कोण कुठे उभा राहणार हे पत्रात लिहू नकोसच. वडील घरी विश्रांती घेतात हेही उत्तम. या वयात उन्हात उभे राहण्यापेक्षा मुलांनी राबावे. कुळीथ थंडीत चांगला. चिमूटभर सुंठ घालायला मालनला सांग.

आता त्यांचा प्रश्न. गणू, काय सुंदर प्रश्न आहे हा! मी चार दिवस त्याच्यावर विचार करत होतो. वीस वर्षे सूर म्हणून उभ्या राहिलेल्या माणसालाच हे सुचावे. कल्याणकरांचा सारा दाब सुराच्या दमावर चालतो. बाकीचे आठ पाटीवाले आपापल्या पाटीपुरते धावतात, सुराला मात्र पाटीही आणि मैदानाची लांबीही धावायची असते. तेव्हा तो आधी दमणार हे नक्की. तो दमला हे कशावरून ओळखावे? तो तोंड उघडून श्वास घेतो. हात गुडघ्यांवर टेकतो. मध्येच उभा राहतो आणि नुसत्या नजरेने गड्यांना धरू पाहतो.

अशा वेळी कच्चा गडी काय करतो? सूर दमला, आता आपले राज्य, असे म्हणून मुसंडी मारतो. दमलेला सूर त्याचीच वाट पाहत असतो. एक फटका मारण्याइतके बळ त्याने राखून ठेवलेले असते, आणि पुढे येणाऱ्याला तो तेवढ्या बळावर मारतो.

म्हणून माझे उत्तर निःसंदिग्ध आहे: थांबावे. जितका तो दमलेला, तितके अधिक थांबावे. आपण त्याच्याजवळ जाण्याचे कारणच नाही. वेळ आपल्या बाजूची आहे. काही काळाने सूर आपण होऊन पाटी सोडतो, आणि मग वाट मोकळी होते. हे वाक्य त्यांना नीट, सावकाश वाचून दाखव. त्यांचे मत काय पडते ते मला अवश्य कळव. सहा वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मला येत होते, याचा मला किती आनंद झाला ते लिहून कळणार नाही.

तुझा ज्येष्ठ बंधू,
काळुराम धोंडीबा


डोंबिवली, ता. १९ मार्च १८८९
(कार्ड)

दादा, काल लोण आणले. कल्याणची कोंडी फुटली. बा बोलावतो. ये. तो म्हणतो, कालूला कळव, मीच आधी पाय हलवला.
गणू


ठाणे, ता. २० मार्च १८८९

प्रिय गणू,

कार्ड हातात पडले तेव्हा मी त्रैराशिक शिकवत होतो. मुलांना सुट्टी देऊन टाकली. दीड महिना तुझे पत्र नव्हते, मला वाटले सरावात गुंतला आहात. आणि आज एकदम दोन आनंद! कोंडी फुटली, आणि वडिलांनी बोलावले. यांतला थोरला कोणता हे मला सांगता येत नाही, म्हणजे येते, पण ते लिहीत नाही.

आजच निघालो असतो. पण शनिवारी डेप्युटी साहेब शाळेची परीक्षा घ्यायला येणार आहेत आणि तिसऱ्या इयत्तेची मुले भूगोलात अगदी कच्ची आहेत. चार दिवसांचाच प्रश्न आहे. सहा वर्षे थांबलो, त्यात चार दिवस ते काय! रविवारी सकाळच्या भरतीला कळव्याच्या बंदरातून होडी मिळते. दुपारच्या जेवणाला मी घरी आहे. मालनला म्हणावे, सुक्या बोंबलांचे कालवण कर. इथे ते कोणाला करता येत नाही.

एका मोठ्या कागदावर मी नऊ पाट्यांचे चित्र काढतो आहे, त्यात सुराच्या सगळ्या चाली लाल शाईने दाखवतो आहे. ते अंगणात पसरू आणि वडील चुका काढतील. त्या काढल्याशिवाय ते राहणार नाहीत. काढू देत!

तुझा
काळुराम


ठाणे, ता. ८ एप्रिल १८८९

प्रिय गणू,

तेराव्यानंतर परत येऊन आज पाच दिवस झाले. शाळेत जातो, शिकवतो, घरी येतो.

त्या रविवारी मी बंदरावर उतरलो तेव्हा होडीवाल्याने माझ्याकडून उतरण्याचे पैसे घेतले नाहीत. हात जोडून तो दुसरीकडे पाहू लागला. मला वाटले, मास्तर म्हणून मान देतो आहे. अंगणात आलो तेव्हा तुझे डोके भादरलेले दिसले. शुक्रवारी सकाळीच सारे आटोपले होते; ते कळवणारे तुझे कार्ड मी निघाल्यावर ठाण्यात पोचले. थोरला मी असून अग्नी तू दिलास. त्याबद्दल कोणी मला एक शब्द बोलले नाही. तेराव्यापर्यंत मी ओटीवर बसून होतो. येणाऱ्यांना तूच सामोरा जात होतास. सुतक असूनही मालनने कालवण केले होते, रविवारी. ते कोणी खाल्ले नाही.

मी तुला समोरासमोर विचारायला हवे होते. धीर झाला नाही. तू मला शब्दाने दुखावणार नाहीस हे मला ठाऊक आहे, आणि तेच मला सहन होत नाही. म्हणून लिहून विचारतो, लिहूनच सांग. ते केव्हापासून आजारी होते? ती शपथ कसली होती? आणि माझे ते पत्र, सुराच्या दमण्याविषयीचे, ते तू त्यांना वाचून दाखवलेस तेव्हा ते काय म्हणाले? काही गाळू नकोस.

काळुराम


डोंबिवली, ता. १५ एप्रिल १८८९

दादा,

शपथ आता सुटली, म्हणून लिहितो. मला वाटले होते कधी लिहावे लागू नये.

बाला दिवाळीपासून खोकला होता. मार्गशीर्षात रक्त पडले. कल्याणचा वैद्य म्हणाला, होळी बघेल, आंबे बघणार नाही. मी तेव्हाच तुला लिहायला बसलो. बाने दौत उचलून उंबऱ्याबाहेर ठेवली. म्हणाला, "आजारी बापाला बगाया सगलेच येतात. त्यानं मना भेटाया यावं." आणि गळ्याची शपथ घातली. मी म्हणालो मग लिहू तरी काय? तर म्हणाला, "खेलाचं लिव. खेल इचारलास तर त्यो येतोय का बग. मास्तर हाय, चूक दिसली की धावत येईल." म्हणून मी ते पहिले पत्र लिहिले. दादा, मला कल्याणच्या डावाचे काही पडले नव्हते.

तुझे उत्तर आले. लांबलचक होते. बाने सगळे ऐकले. पहिला पाय आपण हलवू नये, हे दोनदा वाचायला लावले आणि हसला. म्हणाला, "पोरगा मनाच सांगतंय. मी नाय हलनार, तूच हल, असा." मी म्हणालो, बा, ते पाटीवाल्याचे आहे. तो म्हणाला, "तुला काय कलतंय. ह्यो माजा पोर हाय."

मग त्याने दमलेल्या सुराचा प्रश्न घातला. त्याला पाटीचे विचारायचे नव्हते, दादा. ते शेंबड्या पोराला कळले असते. मालनला कळले. तिने पदर तोंडाला लावला आणि चुलीकडे गेली.

तुझे उत्तर मी वाचले. थांबावे, इथपर्यंत आलो. पुढे काय लिहिले आहे ते मला दिसत होते. मी तिथे खोटे वाचू शकलो असतो. 'पुढे यावे' एवढेच म्हणायचे होते. बाला कुठे वाचता येत होते? पण लहानपणी तू मला मांडीवर घेऊन शिकवलेस, जे लिहिले आहे तेच वाचायचे, मनचे घालायचे नाही. मी घातले नाही. सूर आपण होऊन पाटी सोडतो, वाट मोकळी होते, सगळे वाचले. नीट, सावकाश, तू सांगितलेस तसे.

बाने विचारले, "संपलं?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "बरोबर लिवलंय. खेलातलं त्याला सगला कलतंय." मग महिनाभर त्याने तुझे नाव घेतले नाही. मीही लिहिले नाही. काय लिहिणार होतो?

धुळवडीला मी डाव रद्द करत होतो. बाने ऐकले नाही. चौघांनी खाट उचलून बांधावर ठेवली. कल्याणकर त्याला बघून पाया पडून गेले, गुणाजीसुद्धा. पण डाव सुटल्यावर गुणाजी गुणाजीच. तो पहिल्यापासून अंगावर आला, पुढचे तिघे हात पसरून दाबायला लागले. आम्ही उभे. लोक ओरडू लागले. गुणाजी हसून म्हणाला, "काय रे आगऱ्यांनो, पाय मिठात घालून ठेवलेत की काय? शिमगा संपला की हलणार?" रघु म्हणाला, "तू दम खा रे, आम्हाला घाई नाही." गुणाजी चिडला. रघु मागे राहून त्याला नाचवत होता, तो इकडून तिकडे येत होता. मी डाव्या कडेला दुसऱ्या पाटीसमोर कोंडीत उभा होतो. पाटीवाल्याच्या कमरेकडे बघत होतो. भार पडला. मी उजवीकडून निघालो. मग तिसरी, मग चौथी. जितके चढलो तितके त्यांचे पाटीवाले घाईला येत गेले. तू लिहिलेस तसेच सगळे झाले, दादा. एकही गोष्ट चुकली नाही.

लोण घेऊन उतरलो आणि सरळ खाटेकडे धावलो. बाच्या डोळ्यांतून पाणी येत होते. तो मला म्हणाला, "कालू उभा होता बग तितं. सगला कालूच खेलत होता." मग घरी येताना खाटेवरूनच म्हणाला, "बोलाव त्याला. मी हललो म्हनून सांग. खेलात हरलो तर हरलो." मी म्हणालो, बा, आजारी आहेस म्हणून लिहितो, म्हणजे आजच्या आज येईल. त्याने मान हलवली. नुसते ये म्हण. तेवढ्यावर आला तर आला.

तुझे पत्र गुरुवारी पोचले. रविवारी येतोस हे वाचले. बाने विचारले, आज कोण वार? मी म्हणालो शनिवार. एवढे एक खोटे मी बोललो. शुक्रवारी पहाट झाली तेव्हा तो तुझ्या होडीचे विचारत होता.

तू विचारलेस म्हणून लिहिले. मी तुझ्यावर रागावलो नाही. मालन रागावली आहे. ती म्हणते, "दूर नाही, परमुलूख नाही. भाऊजींना नुसता एक पाय उचलायचा होता. तेवढा का उचलला नाही, हे मला कोणी सांगेल?" ते तूच सांग.

गणू


ठाणे, ता. २१ एप्रिल १८८९

प्रिय गणू,

तुझे पत्र पोचले. एकही शब्द चुकलेला नाही, 'शिक्षा' असता तर तोही बरोबर लिहिला असतास.

आधी तुझे. तू जे लिहिले होते तेच वाचलेस. तो दोष तुझा नाही. ज्याने लिहिले त्याचा आहे. हे मी तुला मोठा भाऊ म्हणून सांगतो आणि मास्तर म्हणूनही सांगतो. पुन्हा स्वतःला त्याबद्दल बोलू नकोस. आणि शनिवार म्हणालास ते खोटे नव्हे. त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, पण खोटे म्हणत नाहीत.

माझ्या विवेचनात एक अट लिहायची राहून गेली. पहिला पाय आपण हलवू नये हा नियम समोरचा माणूस आपल्याला अडवायला उभा असेल तेव्हाचा आहे. तो वाट पाहत उभा असेल तर नियम उलटतो. शाळेत मी मुलांना शंभरदा बजावतो, की नियम सांगताना तो कुठे लागू नाही हेही सांगावे. मी स्वतः ते सोडले. बाने मला सोप्यात सोपा प्रश्न घातला, आणि मी त्याचे नऊ पाट्यांत उत्तर दिले. आज इतक्या वर्षांनी मी 'बा' लिहितो आहे; कॉलेजात गेल्यापासून 'वडील' लिहीत होतो.

लाल शाईचा तो कागद मी फाडला नाही. त्यात चुका आहेत, त्या कोणी काढायच्या हे ठरत नाही.

मालनच्या प्रश्नाचे उत्तर मी देणे लागतो. सबब म्हणून देत नाही. तिचा प्रश्न खरा आहे, आणि मला एवढ्याच रीतीने सांगता येते. परवा शाळा सुटल्यावर मी रिकाम्या वर्गात एक प्रयोग केला. तो तिला करायला सांग, तूही कर. साहित्य काही लागत नाही. घरातल्या कोणत्याही भिंतीशी उभे राहायचे. उजव्या पावलाची बाहेरची कड भिंतीला पूर्ण टेकवायची. उजवा खांदाही भिंतीला टेकवायचा. दोन्ही पाय वीतभर अंतरावर, अंग सरळ. आता डावा पाय उचलायचा.

तो उचलणार नाही. पायात बळ आहे, त्याला दुखापत नाही, कोणी धरलेले नाही, आणि उचलण्याची इच्छाही आहे. तरी तो जमिनीवरून हलणार नाही. कारण एक पाय उचलण्याआधी माणसाला दुसरीकडे किंचित कलावे लागते, आणि टेकलेली भिंत कलू देत नाही. माणसाला वाटते, आपण ताठ उभे आहोत.

हे दोनदा करून पाहा, म्हणजे खात्री पटेल. मग भिंत सोडून चार बोटे बाजूला सरा, आणि तोच पाय पुन्हा उचलून पाहा.

तुझा
काळू